केअर सेंटरचं मोठं पद हवंय? बायोडाटा बाजूला ठेवा, ही पाच पानं तयार करा



वृद्धाश्रम, असिस्टेड लिव्हिंग, होम केअर, पेशंटसाठी माणसं पुरवणारा ब्युरो... "सर, या लाइनमध्ये काहीतरी करायचंय" असं म्हणणारे हल्ली प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन जण तरी असतात. आणि त्यांचं चुकत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटींच्या वर होती, एकट्या महाराष्ट्रात १ कोटीच्या वर. मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत आणि आईबाबा कोथरूडला किंवा नाशिकला दोघंच, असं घर आता तुमच्याही सोसायटीत असेल. मागणी आहे, यात वादच नाही.

पण जागा भाड्याने घेण्याआधी, कर्जाचा फॉर्म भरण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. रात्री दोन वाजता २५ आजी-आजोबांची जबाबदारी एकट्याने अंगावर घेतली आहे का कधी?

नसेल घेतली, तर माझा सल्ला सरळ आहे. आधी दुसऱ्याच्या सेंटरमध्ये वरची खुर्ची मिळवा. सेंटर हेड, ऑपरेशन्स मॅनेजर, वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, होम केअरचे शाखाप्रमुख, नाव काहीही असो. दोन वर्षं तिथे काढा. पगार मिळतो, भांडवल दुसऱ्याचं असतं आणि धंदा आतून कळतो. तुम्ही सिस्टर असाल, समाजकार्य शिकलेले असाल किंवा ब्युरोत कोऑर्डिनेटर असाल, तर तुमच्यासाठी वर जाण्याचा रस्ताही हाच आहे. व्हिडिओत वेळेअभावी मुद्दे भराभर घेतले, इथे नीट बसून बघू.

हे पद म्हणजे नेमकं काय?

बरेच जण मुलाखतीत सांगतात, "मला पेशंटची सेवा करायला आवडतं." छान आहे. पण सेवा करायला मालकाकडे मावशी आहेत, सिस्टर आहेत, मामा आहेत. त्याला हवा असतो तो माणूस, जो सेवा करणाऱ्या वीस जणांकडून रोज, न चुकता, सारख्या दर्जाचं काम करून घेईल. चांगली सिस्टर ही आपोआप चांगली सेंटर हेड होत नाही. चांगला आचारी हॉटेल चालवेलच असं नसतं, तसंच हे.

ज्या देशांत हे क्षेत्र जुनं आणि नियमांत बांधलेलं आहे, तिथे या पदाकडे कसं बघतात? इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था केअर होम आणि होम केअर एजन्सीजवर देखरेख ठेवते. सेंटर चालवणाऱ्या मॅनेजरलाही या संस्थेकडे स्वतःच्या नावाने नोंदणी करावी लागते आणि सेवेची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावरही येते. तपासणीला आलेली माणसं पाच प्रश्न घेऊन येतात. सेवा सुरक्षित आहे का? तिचा उपयोग होतोय का? ती आपुलकीने दिली जाते का? माणसाच्या गरजेप्रमाणे ती बदलते का? आणि सेंटरला चांगलं नेतृत्व आहे का?

आपल्याकडे वृद्धाश्रमाच्या किंवा होम केअरच्या मॅनेजरसाठी अशी वैयक्तिक नोंदणीची पद्धत नाही. म्हणूनच कोणीही उठतो आणि सेंटर काढतो. पण तुमच्यासाठी यातच संधी आहे. हे पाच प्रश्न एका कागदावर लिहा आणि ज्या सेंटरमध्ये आज काम करताय, त्याला लावून बघा. समोरचा मालक हे प्रश्न स्वतःला विचारतच नसेल आणि तुम्ही उत्तरं घेऊन गेलात, तर तुमच्याकडे बघण्याची त्याची नजर बदलेल.

कोणाला मिळतं हे पद?

चार-पाच वाटा आहेत.

पहिली, नर्सिंगची. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग, हॉस्पिटलमध्ये आठ-दहा वर्षं आणि त्यातली काही वर्षं वॉर्ड इनचार्ज म्हणून. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असू द्या. नूतनीकरण राहिलं असेल तर अर्ज करण्याआधी ते काम उरका.

दुसरी, समाजकार्याची. एमएसडब्ल्यू झालेली माणसं नातेवाइकांशी बोलणं, समुपदेशन, ट्रस्टचं काम यांत तयार असतात. ट्रस्टच्या वृद्धाश्रमांना अशी माणसं हवी असतात.

तिसरी, हॉटेल किंवा हाउसकीपिंगची. हसू नका! केअर सेंटरचा अर्धा कारभार म्हणजे स्वयंपाकघर, लाँड्री, स्वच्छता आणि ड्युटी चार्ट. फक्त सोबत भक्कम नर्सिंग इनचार्ज लागते.

चौथी, फिजिओथेरपिस्ट, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन केलेले आणि सैन्याच्या वैद्यकीय शाखेतून निवृत्त झालेले.

पाचवी, खालून वर आलेली माणसं. अटेंडंट म्हणून सुरुवात केली, मग सुपरवायझर, मग कोऑर्डिनेटर. यांना धंद्याची नस माहीत असते, पण कागद नसतो. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड असे कोर्स आहेत, त्यांचं सर्टिफिकेट हाताशी ठेवा. त्याने वरचं पद लगेच मिळणार नाही. पण पुढे माणसं शिकवण्याची जबाबदारी मागताना तो कागद कामी येतो.

शोधायचं कुठे?

एक गोष्ट लक्षात घ्या. या क्षेत्रातल्या मोठ्या जागांची जाहिरात बऱ्याचदा येतच नाही. डॉक्टर डॉक्टरला सांगतात, ट्रस्टी ट्रस्टीला विचारतात, "कोणी विश्वासाचा माणूस आहे का?" तुमचं नाव त्या संभाषणात यायला हवं.

जागा साधारण पाच ठिकाणी असतात. खासगी वृद्धाश्रम आणि असिस्टेड लिव्हिंग. ट्रस्टचे वृद्धाश्रम. अपोलो होमकेअर, पोर्टिया, अंतरा यांच्यासारख्या कंपन्या आणि हॉस्पिटलचे स्वतःचे होम केअर विभाग. ज्येष्ठांसाठी बांधलेले गृहप्रकल्प, जसं पुण्यातलं अथश्री. आणि खास आजारांसाठीची केंद्रं, म्हणजे डिमेन्शिया, अर्धांगवायूनंतरचं पुनर्वसन, पॅलिएटिव्ह केअर. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतंय, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. अशा ठिकाणी काही महिने काम केलं किंवा प्रशिक्षण घेतलं, तर माणूस आणि त्याचं घर दोन्ही सांभाळायचं म्हणजे काय ते कळतं.

आता कृती. तुमच्या शहरातल्या २० संस्थांची यादी करा. आठवड्याला दोन, म्हणजे दहा आठवडे. रविवारी जाऊ नका, तेव्हा सगळं आवरलेलं असतं. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराला वेळ मागून जा. नोकरी मागू नका. तीन प्रश्न विचारा: रात्री ड्युटीवर किती माणसं असतात? गेल्या वर्षात किती स्टाफ सोडून गेला? मालकाचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमची नोकरी. "अहो, दिवसभर बदलीची माणसं शोधण्यातच जातो" असं मालक म्हणाला, तर दोन दिवसांनी त्याला एक पान पाठवा: तुमच्याकडच्या बदलीच्या माणसांची यादी अशी लावता येईल. मग म्हणा, "१५ दिवस येऊन मी हे बसवून देतो, जमलं तर पुढचं बोलू." १५ दिवसांच्या कामाचे पैसे मात्र घ्या. फुकट केलेल्या कामाची किंमत कोणी ठेवत नाही.

ती पाच पानं

आता मुख्य मुद्दा. मुलाखतीला बायोडाटा सगळेच नेतात. तुम्ही पाच पानं न्या. पेशंटची नावं, फोन नंबर, आधीच्या संस्थेची आतली माहिती यातलं काहीही त्यात नको. फक्त तुमची पद्धत दिसू द्या.

*पान १: ड्युटी चार्ट.* एक जागा २४ तास भरायला किती माणसं लागतात? "तीन शिफ्ट, तीन माणसं" असं उत्तर आलं की समजायचं, यांनी कधी चार्ट लावला नाही. हिशेब करू. ८ तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे आठवड्याला २१ शिफ्ट. एक माणूस सुट्टी धरून सहा शिफ्ट करतो. २१ भागिले ६ म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, गावची जत्रा अजून धरलेलीच नाही. चार अटेंडंट सतत हजर हवे असतील तर १४ माणसं पगारावर आणि वर एक-दोन बदलीची. या धंद्यात १२ तासांची ड्युटी सर्रास चालते, पण १२ गुणिले ६ म्हणजे आठवड्याला ७२ तास झाले, आणि कायद्याची मर्यादा ४८ ची आहे. थकलेला माणूस पहाटे चारला आजोबांची कूस बदलत नाही. मग पाठीला जखम होते आणि ती भरायला महिने जातात.

*पान २: पैशांचा हिशेब.* आकडे फक्त समजण्यासाठी धरतोय. ३० खाटांचं सेंटर, २४ भरलेल्या, दर महिन्याला ३०,००० रुपये. जमा ७,२०,०००. खर्च: स्टाफ ३,२०,०००, भाडं १,२०,०००, जेवण माणशी ४,५०० प्रमाणे १,०८,०००, वीज-गॅस-लाँड्री ७०,०००, डॉक्टर व्हिजिट, दुरुस्ती आणि बाकी ४०,०००. एकूण ६,५८,०००. उरले ६२,०००. यात सेंटर हेडचा पगार अजून धरलेला नाही!

आता यातल्या तीन खाटा रिकाम्या झाल्या असं धरा. जमा ९०,००० ने घटली, जेवणाचे वाचले फक्त १३,५००. बाकी खर्च तसाच. म्हणजे ६२,००० शिल्लक होती, तिथे १४,५०० तोटा. तीन नातेवाईक नाराज होऊन आपलं माणूस घेऊन गेले की सेंटर नुकसानीत जातं. हे गणित मालकासमोर मांडता आलं, तर तो तुमच्याकडे नोकर म्हणून बघणार नाही.

*पान ३: घटनांची नोंदवही.* कोण पडलं, कधी, कुठे, त्या वेळी ड्युटीवर कोण होतं, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, घरच्यांना किती वाजता, कारण काय निघालं आणि त्यानंतर काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. महिन्यात तीन जण बाथरूममध्येच पडले असतील, तर मावशींना ओरडून उपयोग नाही. आधाराचा बार बसवा आणि रात्रीचा दिवा लावा.

*पान ४: शिकवण्याचं वेळापत्रक.* दर आठवड्याला अर्धा तास, एक विषय. पेशंट उचलायचा कसा, रायल्स ट्यूबमधून भरवताना डोकं किती वर ठेवायचं, कॅथेटरची पिशवी कुठे लटकवायची, चिडलेल्या डिमेन्शियाच्या आजींशी वाद न घालता बोलायचं कसं. कचऱ्याचा धडाही घ्या: २०१६ च्या बायोमेडिकल कचरा नियमांनुसार मळलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात.

*पान ५: नातेवाइकांशी बोलण्याची पद्धत.* कोणी, कधी, काय कळवायचं. परदेशातल्या मुलीला दर रविवारी ठरलेल्या वेळी फोन. वाईट बातमी मेसेजवर द्यायची नाही, आवाजावर द्यायची. घरच्यांपैकी एकच माणूस संपर्काचा, नाहीतर तीन भावंडांना तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि भांडण आपल्या ऑफिसात होतं.

मुलाखतीत हे चार प्रश्न येणारच

*"रात्रीची मावशी आलीच नाही. काय कराल?"* "मॅनेज करू" हे उत्तर नाही. सांगा: संध्याकाळी सहालाच रात्रीच्या स्टाफची हजेरी फोनवर पक्की करतो, बदलीची दोन माणसं ठरलेली असतात, तीही नसतील तर दिवसाच्या माणसाला जादा पैसे देऊन थांबवतो आणि मी स्वतः येतो.

*"आजोबा पडले. पहिलं काय?"* घाईने उचलायचं नाही, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. शुद्ध, श्वास, रक्तस्राव, वेदना कुठे आहे ते बघायचं, डॉक्टरांना फोन, लगेच घरच्यांना फोन, मग लेखी नोंद. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. घरच्यांपासून लपवायचं नाही. पडणं लोक समजून घेतात, लपवणं नाही.

*"नातेवाईक म्हणतात मावशींनी साखळी चोरली."* सगळ्यांसमोर मावशींची झडती घ्यायची नाही आणि नातेवाइकांना खोटंही पाडायचं नाही. दाखल करतानाच दागिन्यांची यादी सहीने केलेली असते का, हा खरा प्रश्न. स्टाफची पोलीस पडताळणी झालेली असते का, हा दुसरा. दोघांचं वेगवेगळं ऐकायचं, लिहून घ्यायचं. घरच्यांना तक्रार करायची असेल तर अडवायचं नाही.

*"मुलगा तीन महिने पैसे भरत नाही, फोनही उचलत नाही. आजींचं काय?"* हा प्रश्न विचारणारा मालक अनुभवी समजा. आजींना बाहेर काढणं हे उत्तर असूच शकत नाही. पुढच्या वेळसाठी: दाखल करताना दोन जबाबदार व्यक्तींच्या सह्या आणि डिपॉझिट. आजच्यासाठी: २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा माहीत हवा. त्याखाली आजी निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात, त्यांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणं हा याच कायद्याने गुन्हा आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ हा नंबर पाठ असू द्या.

याशिवाय थोडा कायदा हाताशी ठेवा. १० कर्मचारी झाले की ईएसआय आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, २० झाले की पीएफ. आजारी माणसांना ठेवून उपचार देत असाल तर महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी कायदा, १९४९ लागू होतो का, हे तपासावं लागतं. जीएसटीत नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमाला साठीच्या पुढच्या रहिवाशांकडून महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर सूट आहे, खासगी मालकाला ती तशी मिळत नाही. नियम बदलत राहतात, सीएकडून खात्री करून घ्यायची. पण प्रश्न कोणता विचारायचा, हे तुम्हाला ठाऊक हवं.

"हो" म्हणण्याआधी

ऑफर आली की पगारावर उडी मारू नका. आधी अधिकार विचारा. माणूस ठेवणं आणि काढणं कोणाच्या हातात? न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल? रात्री बोलावलं तर येणारे डॉक्टर कोण? एखादा पेशंट आपल्याला झेपणारा नाही, व्हेंटिलेटरचा आहे किंवा सक्शन सतत लागतं, तर त्याला "नाही" म्हणण्याचा अधिकार कोणाला?

हा शेवटचा अधिकार लेखी घ्या. जबाबदारी तुमची आणि निर्णय मालकाच्या मेहुण्याचा, असं असेल तर काही वाईट घडल्यावर पोलिसांसमोर आणि घरच्यांसमोर तुम्हीच उभे असता. अधिकाराशिवाय जबाबदारी घेऊ नका, पगार कितीही असो.

पगारात ठरलेला भाग आणि कामगिरीचा भाग असे दोन तुकडे मागता येतात. पण कामगिरीचा भाग फक्त भरलेल्या खाटांवर बांधून घेऊ नका. तसं केलं की झेपत नसलेला पेशंट घेण्याचा मोह होतो. निम्मा खाटांवर, निम्मा स्टाफ टिकण्यावर आणि पाठीच्या जखमा, पडणं कमी होण्यावर ठेवा.

आणि या ठिकाणी चहा पिऊन परत या:

- पेशंटचे हात कॉटला बांधलेले दिसले आणि "पडतात ना म्हणून" असं सहज सांगितलं गेलं.
- रात्री १५-२० पेशंटना एकच मावशी.
- स्टाफचा पगार दोन महिने थकलेला.
- नोंदवही महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेली.
- नातेवाइकांना भेटायला ठरावीक दिवशीच परवानगी, तीही फक्त हॉलमध्ये.

अशा ठिकाणी मोठं पद मिळालं तरी पुढे तुमचं नाव त्या सेंटरबरोबर जोडलं जातं, आणि या क्षेत्रात नावावरच काम मिळतं.

आणि मग स्वतःचा धंदा

दोन वर्षांनी तुमच्याकडे काय असेल? १५-२० माणसं कशी टिकवायची याचा अनुभव. तुमच्या भागातले डॉक्टर आणि फिजिओ ओळखीचे. कोणत्या महिन्यात खाटा रिकाम्या होतात, कोणता नातेवाईक पैसे बुडवतो, याचा अंदाज. आणि आपल्याला हा धंदा खरंच करायचा आहे का, याचं प्रामाणिक उत्तर. काही जणांना दोन वर्षांनी कळतं की आपल्याला हे जमणार नाही. ते कर्ज काढण्याआधी कळलं, हाच नफा.

नेमणूकपत्रात "नोकरी सोडल्यावर इतकी वर्षं असा व्यवसाय करणार नाही" अशी अट असेल तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. नोकरी संपल्यानंतरच्या अशा बंदीला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा बळ राहत नाही. मात्र पेशंटची यादी उचलणं, तिथलाच स्टाफ फोडणं, नातेवाइकांना गुपचूप फोन करणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यावर दावा होऊ शकतो. पत्र वकिलाला दाखवा. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, ब्युरोची माणसं पेशंटकडे डायरेक्ट काम धरतात म्हणून आपण चिडतो ना? मग आपणही तेच करायचं नाही. स्वच्छ बाहेर पडा. जुना मालक उद्या तुम्हाला त्याच्याकडे न मावणारे पेशंट पाठवेल.

दुसरा रस्ता भागीदारीचा. काही डॉक्टर आणि बिल्डर जागा आणि भांडवल लावायला तयार असतात, त्यांना चालवणारा माणूस हवा असतो. तिथे पगार थोडा कमी घेऊन नफ्यात हिस्सा मागता येतो. नफा कशाला म्हणायचं, वर्षाचा हिशेब कोण तपासणार, बाहेर पडायचं झालं तर काय, हे आधी कागदावर आणा.

आणि जे आधीच सेंटर चालवताहेत आणि सेंटर हेड शोधताहेत, त्यांनी हाच लेख उलटा वाचा. उमेदवाराला पाच पानं मागा. चार प्रश्न विचारा. शेवटी एक तास त्याला किंवा तिला सेंटरमध्ये मोकळं सोडा आणि लांबून बघा. आजीजवळून जाताना थांबून वाकून बोलतात की नुसते भिंतींचा रंग बघत फिरतात? पाण्याचा ग्लास हाताला लागत नाहीये हे दिसतं का? ते दिसणाऱ्या माणसाला बाकीचं शिकवता येतं.

या आठवड्याचा होमवर्क

१. इंग्लंडचे ते पाच प्रश्न तुमच्या सध्याच्या कामाच्या ठिकाणाला लावा, प्रत्येकी दोन ओळी.
२. २० संस्थांची यादी करा, पहिल्या दोन भेटींची वेळ मागा.
३. पाचांपैकी पान १ आणि पान २ रविवारपर्यंत पूर्ण करा. पैशांच्या हिशेबात तुमच्या शहरातलं खरं भाडं आणि खरे पगार टाका, माझे आकडे नकोत.

हिशेब करताना कुठे अडलात तर खाली कमेंटमध्ये आकड्यांसकट लिहा. "सर, मार्गदर्शन करा" एवढंच लिहू नका, नेमकं काय अडलंय ते लिहा. पुढच्या व्हिडिओत होम केअरचा ब्युरो दहा माणसांपासून कसा उभा करायचा ते घेणार आहे. तोपर्यंत पान १ तयार ठेवा, कारण तिथून पुढे सगळं त्याच्यावरच चालणार आहे.

भेटू लवकरच!